ओलं धोतर आणि राशीची पहिली पाटी

पावसाळ्यात माझं कुणाला कळलं नाही, कारण पावसाळ्यात आमच्याकडं सगळेच ओले असतात. भाताच्या आवणीला खाचरात उतरलेला माणूस कंबरेपर्यंत भिजलेला, गुडघ्याइतक्या चिखलात. त्यात माझे चार थेंब जास्तीचे कुठं गेले ते त्या पाण्यालाच माहीत. म्हणून त्या वर्षी मी खाचरातून वर यायलाच तयार नव्हतो. मुलगा कंपनीत जाताना बांधावरून ओरडायचा, "आबा, ऑपरेशन झालंय तुमचं. बांधावर बसा की जरा." मी खालूनच म्हणायचो, "तू जा. गाडी चुकंल तुजी." बांधावर बसलो असतो तर वाऱ्यानं सुकलो असतो, आणि सुकलेल्या पांढऱ्या धोतरावर सगळं दिसतं.

मी चौथी शिकलेला माणूस. सातबारा वाचता येतो, सही करता येते, यापलीकडं कागदाशी माझं कधी काम पडलं नाही. पण हे मी लिहून ठेवतोय. माझ्या वयाची दहा-वीस माणसं देवळाच्या पारावर रोज बसतात, गुडघ्यांचं बोलतात, डोळ्यांचं बोलतात, दातांचं तर तोंड उघडून दाखवतात. ह्याच्याबद्दल एकही कधी बोलला नाही. मीही नाही.

झालं होतं असं, की दोन वर्षं मला लघवी अडून अडून व्हायची. उभं राहायचं, वाट बघायची, थोडी व्हायची, परत वाट बघायची. शेवटी एका दिवशी पूर्णच अडली. मुलानं गाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढलीय. चैत्रात खालून दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. पोटावर टाका नाही, काही नाही. मी खूश. लघवीची नळी काढली, धार मोकळी झाली. तरुणपणासारखी. घरी आलो, ओट्यावर बसलो, बिडी पेटवली, खोकला आला आणि धोतर ओलं.

मला वाटलं तांब्या सांडला. इकडंतिकडं बघितलं. तांब्या उभाच होता.

मग शिंकलो की व्हायचं. घमेलं उचललं की व्हायचं. बाजेवरून उठताना व्हायचं. नुसतं बसलेलं असताना काही नाही, झोपेत काही नाही. जरा जोर लागला की थेंब, दोन थेंब, कधी चमचाभर. जागेवर बसवेना. कुठं गेलो की आधी आडोसा कुठं आहे ते बघायचं. लग्नाला जायचं बंद केलं. पारावर जायचं बंद केलं. घरात या खोलीतून त्या खोलीत, अंगणातून परड्यात, परड्यातून अंगणात. बायको म्हणायची, "अवो, भवऱ्यावानी काय फिरताय? बसा की एका जागी." कसा बसू? बसलं की उठावं लागतं.

तरी हे सगळं मी रेटून नेलं असतं. माझा जीव अडकला होता तो राशीत.

आम्ही दोघं भाऊ. वाटण्या होऊन जमाना झाला, पण एक खाचर वाटलेलं नाही. त्याला देवाचं खाचर म्हणतो. त्यातलं भात अजून मशिनवर जात नाही. खळ्यावर हातानं झोडायचं, पाखडायचं, रास घालायची, पूजा करायची. मग राशीतली पहिली पाटी घरातल्या थोरल्या माणसानं डोक्यावर घेऊन थोरल्या घरच्या देवापुढं न्यायची. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, अनवाणी. मधे टेकायची नाही, मधे बोलायचं नाही. खळ्यापासून बांधावरून, ओढ्यातून, मग डांबरी रस्ता ओलांडून घर. वडील गेल्यापासून ती पाटी मी नेतोय. एक वर्ष ताप होता तरी नेली.

आता चाळीस किलोची पाटी उचलायची म्हणजे काय होणार हे मला माहीत होतं. देवाच्या धान्याखाली ओलं धोतर. आणि नाही उचलली तर धाकटा उचलणार. ऑपरेशन झाल्यावर भेटायला आला तेव्हाच बोलून गेला होता, "भाऊ, औंदा पाटीची काळजी करू नका. मी हाय."

"मी मेलोय का?" मी म्हणालो.

"तसं न्हाई वो. जोराचं काम करू नका म्हनलेत ना डाक्टर."

"दीड महिना म्हनलेत. रास कवा असती? कार्तिकात. मोज बोटं."

जाताना तो माझ्या दंडाकडं बघून गेला. बैल विकत घ्यायच्या आधी बघतात तसं.

वैशाखात परत दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगितलं. मुलाला बाहेर बसवलं. डॉक्टर म्हणाले, ह्या ऑपरेशननंतर काही जणांना होतं, बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं, पण व्यायाम केला पाहिजे. आणि एक चिठ्ठी दिली. त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणारी बाई बसते, तिच्याकडं.

बाई कसली, माझ्या नातीएवढी पोरगी. पांढरा कोट घातलेली. तिनं खुर्ची दिली, भिंतीवरचं कमरेच्या हाडांचं चित्र दाखवलं आणि अगदी 'चहा घेता का' विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आजोबा, चार लोकांत बसलेले असताना वारा सरायला लागला तर तुम्ही तो कसा अडवता?"

माझे कान तापले. मी म्हणालो, "मी कशाला सरू देतो चार लोकांत?"

"तेच म्हणतेय. अडवताना आतून जे आवळलं जातं ना, तेच आपल्याला मजबूत करायचंय. लघवी मधेच थांबवायला पण तेच लागतं. एकदा करून बघा, कळेल. पण फक्त ओळखायला हं. रोज रोज धार अडवत बसायचं नाही."

पुढं ती बरंच काही बोलली. मी ऐकलं नाही. माझी नजर दाराकडं. असल्या गोष्टी ह्या पोरीच्या तोंडून ऐकायच्या, हा कुठला न्याय? तिनं चित्रं काढलेला, मराठीत छापलेला एक कागद दिला. मी घडी घालून खिशात टाकला आणि जिना उतरलो. घरी येऊन तो कागद चुलीशी सरपणात फेकला. व्यायाम मला शिकवणार? लहानपणी तालमीत जाणारा मी, हजार जोर काढलेत.

तर मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. आवळायचंच आहे ना? पोतं उचलताना करतो तसा दम कोंडायचा, पोट, मांड्या, ढुंगण सगळं दगडासारखं आवळायचं, डोळे बाहेर येईपर्यंत. एका दमात शंभर. खाचरात आवणी करताना पण तेच. आणि दर लघवीला धार तोडून तोडून. वर आणखी शहाणपण म्हणजे पाणी प्यायचं बंद केलं. आतच नसलं तर बाहेर काय येईल, हा माझा हिशोब. दिवसाला दोन तांबे पिणारा मी अर्ध्या तांब्यावर आलो. लघवी झाली लालभडक, जळजळीत, आणि घाई वाढली. आधी नुसतं खोकल्यावर व्हायचं, आता आडोशापर्यंत पोचेपर्यंत धीर निघेना. आषाढ संपला तेव्हा मी चैत्रापेक्षा वाईट होतो. बिड्या मात्र वाढल्या होत्या. बिडीनं खोकला, खोकल्यानं धोतर, धोतरानं डोकं फिरलं की परत बिडी.

नागपंचमीचा दिवस. पाऊस उघडला होता. आमच्या अंगणात आळीतल्या बाया फेर धरायला जमल्या होत्या. सुनेनं फुगडीला पदर खोचलेला. ती सासूला ओढत होती, "चला की आत्या, एक गिरकी. आबांना दावा तरी कशी घालत व्हता."

"गुडघं धरल्यात गं माजं," बायको पायरीवर बसूनच म्हणाली.

मला शिंक आली. एकापाठोपाठ तीन. मी भिंतीला धरून परड्यातल्या न्हाणीकडं सटकलो, धोतर बदलायला. न्हाणीच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक सुतळी बांधलेली होती. तिच्यावर फडकी वाळत घातलेली. जुन्या लुगड्याची, चौकोनी, चार पदरी घडी घालून शिवलेली. सहा-सात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हिला कळलंय. आणि ही माझ्यासाठी लंगोट शिवून बसलीय, तान्ह्या पोराला शिवतात तसे.

मी परड्याच्या दारातून बायकोला खुणेनं मागं बोलावलं. आली. मी एक फडकं तिच्यापुढं धरलं. "ही कुणासाठी शिवलीस? मला काय लेकरू समजतीस?"

तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुमच्यासाठी न्हाईत ती. माजी हायती."

"तुजी? ह्या वयात तुला कशाला?"

"खोकलं की व्हतंय. शिंकलं की व्हतंय. हासलं तरी व्हतंय. तुमाला व्हतंय तसंच."

"मला काय व्हतंय?"

"अवो," ती म्हणाली, "तुमची धोतरं कोन धुतंय?"

अंगणात बाया फेर धरून गात होत्या. मला त्या जागी उभं राहवेना आणि जाताही येईना.

"कवापासनं?" मी विचारलं.

"धाकटी झाली तवापासनं."

धाकट्या मुलीची पोरं आता कॉलेजात आहेत.

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुमाला?" ती फडकं परत सुतळीवर घालत म्हणाली. "थोरलीच्या हळदीला सगळ्यांम्होरं काय बोललावता, आठवतंय का?"

आठवत होतं. न आठवून जातंय कुठं. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा फुगडीला तिच्यासमोर कुणी टिकत नसे. दोन बायका दमायच्या, ही तिसरीचा हात धरायची. धाकटीच्या वेळेनंतर तिनं फुगडी सोडली. मी कधी का विचारलं नाही. थोरलीच्या हळदीला व्याह्यांकडच्या बाया तिला ओढत होत्या, ही हात सोडवून आत पळाली. मी मांडवात ओरडून म्हणालो होतो, "तोरा आलाय हिला! पावण्यारावळ्यांत नाचाया लाज वाटती." सगळे हसले. ती आतून बाहेर आलीच नाही जेवणं होईपर्यंत. आणखीही आठवायला लागलं. टेम्पोतून जत्रेला यायची नाही. एसटीत बसली की लोणावळ्याच्या आधी दोनदा तिला उतरायचं असायचं, आणि मी म्हणायचो, बायकांना घेऊन कुठं जायची सोय नाही.

ती घरात गेली आणि पिठाच्या डब्यामागून एक कागद काढून घेऊन आली. माझाच. सरपणातून काढून, राख झटकून ठेवलेला.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "चितरं बघितली. बाईचं बी चितार हाय त्यात. वाचून दावा."

फेर सुटल्यावर, घर शांत झाल्यावर मी दाराशी उजेडाला बसलो आणि बोट ठेवून ठेवून वाचायला लागलो. लिहिलेलं होतं, की मूत्राशयाच्या खाली स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणानं, वयानं, प्रोस्टेटच्या ऑपरेशननं ती ढिली पडते. खोकला आला, ओझं उचललं, की वरून दाब येतो आणि खालचं तोंड टिकत नाही. पुढं मी वाचलं, "श्वास कोंडू नका. पोट, मांड्या, नितंब आवळू नका." मी थांबलो.

"काय झालं?"

"काय न्हाई." परत वाचलं. "लघवीची धार रोज अडवू नका. पाणी कमी करू नका." एकेक ओळ माझ्या थोबाडीत बसत होती. जे जे करू नका म्हणून छापलं होतं ते ते मी दोन महिने मन लावून केलं होतं.

"तुमी कसं करत व्हता?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हणालो.

तिनं मान वळवली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. मग एकदम थांबली, उठली आणि "बघा, झालं" म्हणत न्हाणीकडं गेली. मीही हसलो. माझंही झालं.

चार दिवसांनी आम्ही दोघं दवाखान्यात. कोटवाली पोरगी म्हणाली, "आजोबा! मला वाटलं आता येत नाही तुम्ही."

"मी माझ्यासाठी न्हाई आलो. हिला घेऊन आलोय."

"बरं. मग तुम्ही बाहेर बसता का?"

मी उठायला लागलो. बायको म्हणाली, "बसूद्यात त्यांना. कागुद त्यांनीच वाचलाय."

पोरीनं तिला पडद्याआड नेऊन तपासलं. आधी विचारून. बाहेर आल्यावर बरंच विचारलं. बाळंतपणं किती, घरी का दवाखान्यात, पोट साफ होतं का. मग म्हणाली, "शेवटच्या बाळंतपणानंतर ओझं कधी उचललंत, आजी?"

"तेराव्या दिशी. गवताचा भारा."

"तेराव्या?"

"कापनी व्हती. मानसं कुटं व्हती?"

तो भारा तिच्या डोक्यावर मी चढवला होता. मला तो दिवस दिसला. बांधावर उभी राहून ती म्हणाली होती, "जरा हालका बांधा." मी म्हणालो होतो, "येवढ्यात दोन खेपा होत्यात का?" मी खोलीतल्या पंख्याकडं बघायला लागलो.

पोरगी शहाणी होती, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "एकाच गोष्टीनं होत नाही हे. बाळंतपणं, ओझी, खोकला, वय, सगळं मिळून होतं. पण आत्ता सुरू केलं तरी फायदा होतो. तीन महिने नेमानं करायचं. त्यानंही नाही भागलं तर आजींसाठी एक लहान ऑपरेशन असतं, खालून आधाराला पट्टी बसवतात."

"ते झालंच तर मी ठरवीन," बायको म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली.

मग पोरीनं ती झोळी, तो दाब, परत समजावायला घेतलं तेव्हा मी तिला थांबवलं. म्हणालो, "मला कळलंय. तुला मी सांगतो. खाचराच्या बांधाला पाणी काढायला एक तोंड असतंय. ते चिखलानं थापून बंद करत्यात. चिखल ढिला पडला, की नुसता वारा सुटून पाणी हाललं तरी तिथनं झिरपतंय. हिचं ते झालंय. आन् माझ्या तोंडाशी धोंडा अडकलावता. तो तुमी काढला. धोंडा व्हता तवर चिखल ढिलाय हे कळलं न्हाई."

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आजोबा, हे मी पुढच्या माणसांना असंच सांगू का?"

"सांग की. पर माझं नाव नको."

मग तिनं शिकवलं ते एवढंच. आतून वर ओढून घ्यायचं, वारा अडवल्यासारखं. श्वास चालू ठेवायचा. हळू मोजत धरायचं, मोजून सोडायचं, सोडल्यावर तेवढंच थांबायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि खोकला येतोय असं वाटलं, काही उचलायचं असलं, की आधी आवळायचं, मग खोकायचं, मग उचलायचं. उचलताना दम कोंडायचा नाही, सोडायचा. पाणी पहिल्यासारखं प्यायचं, चहा कमी. बिडीचं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ते बघू." बायकोनं "बघू न्हाई" म्हटलं. बिडी सुटायला गणपती उजाडले. सुटली म्हणजे पूर्ण सुटली नाही, दिवसाला एकीवर आली.

मोजायची माझी सवय एकच. धान्य मोजताना आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. तेच तोंडात आलं. सकाळी ओट्यावर आम्ही दोघं भिंतीला टेकून बसायचो आणि मी मोजायचो, "लाभ... दोन... तीन..." रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं म्हातारा-म्हातारी जप करतायत. महिनाभर काही कळलं नाही. माझा धीर सुटायला आला. मी उठून फेऱ्या घालायचो, म्हणायचो, ह्यात काही दम नाही. ती म्हणायची, "बसा. आमी बायकांनी किती वरसं काढली. तुमच्यानं तीन महिनं निघंनात?" दुसऱ्या महिन्यात बाजेवरून उठताना कोरडा राहायला लागलो. तिसऱ्या महिन्यात शिंकेआधी आवळायचं आपोआप जमायला लागलं. तिची फडकी सुतळीवर सहाची चार झाली, चाराची दोन. ओझं मात्र मी उचलून बघितलं नव्हतं. धजत नव्हतो.

तुळशीचं लग्न झालं, भात झोडून झालं, रास पडली. त्या सकाळी मला अन्न जाईना. आंघोळ केली, परत केली. मग तिला आत बोलावून विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला विचारणार, "वाटंत झालं तर? देवाच्या धान्याला इटाळ न्हाई का व्हायचा?"

ती पूजेचं ताट भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "इतकी वरसं तुमचं खळं कुणी सारवलं? रास कुणी पाखडली? हळद-कुकू कुणी वाहिलं? तशीच करत व्हते मी. कंदी भात कमी पडलं का?"

तिनं सुतळीवरचं एक धुतलेलं फडकं आणून माझ्यापुढं ठेवलं आणि ताट घेऊन खळ्याकडं निघून गेली. ते मी घडी घालून लंगोटात घातलं. वर धुतलेलं धोतर.

खळ्यावर धाकटा आधीच धोतर खोचून उभा. मला बघून म्हणाला, "भाऊ, मी घेऊ का? हट नका करू."

"तू कड धर," मी म्हणालो. "आन् दुसरी कड ती धरंल."

"वहिनी?"

"व्हय. बाकीच्यांनी मागं व्हा."

पाटीची एक कड धाकट्यानं धरली, दुसरी बायकोनं. मी खाली बसलो. ती वाकली तेव्हा तिचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही पण कळलं. तीही आधी आवळत होती. मी मनात लाभ म्हणालो, आवळलं, दम सोडला, आणि दोघांनी पाटी डोक्यावर दिली. उठलो. कोरडा.

बांध कोरडा गेला. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, दगड गुळगुळीत, तेही गेलं. रस्त्यावर मात्र शनिवारची गर्दी. गाड्यांची रांग लागलेली, लोणावळ्याकडं जाणारी. एका गाडीतून एक बाई उतरली, मोबाईल धरून माझ्या पुढ्यात. "बाबा, जरा इकडे बघा ना. काय आहे पाटीत?" मला बोलायचं नाही, थांबायचं नाही. धाकटा मागून ओरडला, "अवो बाई, बाजूला व्हा, देवाचं हाय." आणि नेमकं गाडीनं धूर सोडला.

खोकला आला. आवळायला सवड मिळाली ती अर्धी. एक खोकला धरला, दुसरा धरला, तिसऱ्याला गेलं. गरम, थोडंसं. फडक्यानं धरलं तेवढं धरलं, एक ओघळ मांडीवरून खाली आला. पाय थांबले माझे. रस्त्याच्या मधोमध. क्षणभर वाटलं पाटी खाली ठेवावी.

ठेवली नाही. चाललो. देवापुढं पाटी उतरवली, नमस्कार केला, बाहेर आलो. ओट्यावर धाकटा उभा होता. त्याची नजर माझ्या धोतरावर गेली, मग त्यानं ती पटकन उचलून माझ्या तोंडावर आणली. भाऊ चांगला आहे माझा. म्हणाला, "लय घाम आला भाऊ तुमाला. ऊन बी हाय आज."

कार्तिकातलं सकाळचं ऊन ते. मी 'व्हय' म्हटलं असतं तर तिथंच संपत होतं. बायको पायरीवर ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, अंगणाकडं बघत होती, जिथं नागपंचमीला फेर होता.

"घाम न्हाई," मी म्हणालो. "खोकलो की व्हतंय मला. ऑपरेशनपासनं. पयल्यापेक्षा कमीय आता. धोतर बदलून येतो, मग मोजायला सुरुवात करू."

धोतर बदलून मी परत खळ्यावर गेलो, राशीशी पायली घेऊन बसलो. माझ्या शेजारी धाकटा बसला, पोत्याचं तोंड धरून. पलीकडं ती. पहिली पायली भरली, वरनं हात फिरवला, आणि मोठ्यानं म्हणालो, "लाभ."

त्या आवाजासरशी माझं आतून आपोआप आवळलं गेलं. सवयीनं. मी पलीकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते.

"हासू नगंस," मी म्हणालो. "दोन."